ग्रीन बाँडमध्ये टाकलेले पैसे खरंच हिरव्या कामाला जातात का?

माळरान

नमस्कार मंडळी, बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय, इथे रोखेबाजारातली जाणकार माणसं आहेत म्हणून विचारते. आई शाळेतून रिटायर झाली, तिच्या पैशांचं बहुतेक मार्गी लागलंय, ज्येष्ठ नागरिक योजना झाली, थोडी एफडी झाली, दोन लाख उरलेत आणि ते तिला एखाद्या चांगल्या कामाला लावायचेत. म्हणजे देणगी नाही हं, पैसे परत हवेत, व्याजही हवं, पण ते कोळसा जाळायला वापरले जाऊ नयेत असं तिचं म्हणणं आहे. तीस वर्षं भूगोल शिकवलाय तिने, मान्सूनचा धडा दरवर्षी शिकवताना गेल्या काही वर्षांत पुस्तकातल्या तारखा आणि बाहेरचा पाऊस जुळेनासा झाला हे तिला फार लागलंय, त्यामुळे मी ही गोष्ट हलकी घेत नाहीये.

मी सरकारच्या सॉव्हरिन ग्रीन बाँडबद्दल, म्हणजे पर्यावरणाच्या कामांसाठी सरकार जे कर्जरोखे काढतं त्यांच्याबद्दल, वाचायला लागले आणि गोंधळ आणखीच वाढला. एके ठिकाणी असं की ग्रीन बाँडवर साध्या सरकारी रोख्यापेक्षा किंचित कमी व्याज मिळतं आणि त्या फरकाला ग्रीनियम म्हणतात. म्हणजे सरकार तेच, हमी तीच, मुदत तीच, आणि व्याज कमी. मग हे कमी व्याज घेऊन आम्ही नक्की काय विकत घेतोय? आणि दुसरं म्हणजे पैसे शेवटी सरकारच्या एकाच तिजोरीत जाणार ना, मग आईचे दोन लाख पवनचक्कीला गेले की आणखी कशाला गेले हे ठरवतं कोण आणि नंतर बघतं कोण? हे दोन प्रश्न तिने मला विचारले आणि मला एकाचंही धड उत्तर देता आलं नाही. प्लीज सोप्या भाषेत सांगा.

निवृत्त_ट्रेझरी

माळरान, तुमच्या आईंना नमस्कार सांगा, दोन्ही प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारे आहेत. मी एका बँकेच्या ट्रेझरीत सरकारी रोख्यांच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली, २५ जानेवारी २०२३ ला पहिला ग्रीन लिलाव झाला तेव्हा डेस्कवरच होतो, त्यामुळे त्याच दिवसापासून सुरू करतो.

त्या दिवशी एकूण ८,००० कोटी, निम्मे ५ वर्षांचे आणि निम्मे १० वर्षांचे. ५ वर्षांचा ७.१० टक्क्यांना गेला, १० वर्षांचा ७.२९ ला, आणि त्याच मुदतीचे साधे सरकारी रोखे साधारण ५-६ बेसिस पॉइंट वर होते, म्हणजे टक्क्याचे ५-६ शतांश. हाच तो ग्रीनियम. आता हा फरक तुमच्या रकमेवर बसवून बघा. दोन लाखांवर ५ बेसिस पॉइंट म्हणजे वर्षाला १०० रुपये. आईंचं नुकसान झालंच तर एवढं. सरकारच्या बाजूने ८,००० कोटींवर तेच ५ बेसिस पॉइंट म्हणजे वर्षाला ४ कोटी वाचले, देशाच्या बजेटच्या मानाने काहीच नाही पण पहिल्याच खेपेला बाजाराने तेवढी किंमत दिली याचं आम्हा सगळ्यांना तेव्हा अप्रूप वाटलं होतं. फेब्रुवारीत आणखी ८,००० कोटी आले आणि त्या आर्थिक वर्षाचे ठरलेले १६,००० कोटी पूर्ण झाले.

पण ते अप्रूप टिकलं नाही. पुढच्या वर्षी २०,००० कोटींचे काढले, जानेवारी २०२४ मध्ये ३० वर्षांचा पण काढला, आणि मे २०२४ च्या शेवटी १० वर्षांच्या ग्रीन बाँडचा ६,००० कोटींचा लिलाव होता तेव्हा रिझर्व्ह बँकेने आलेल्या सगळ्या बोली नाकारल्या, कारण बाजार हिरव्या नावासाठी जादा पैसे द्यायला तयारच नव्हता. हे का झालं ते डेस्कवरून फार स्पष्ट दिसतं. युरोपात कितीतरी पेन्शन फंड असे आहेत की ज्यांना हिरवे रोखे ठेवणं त्यांच्या स्वतःच्या नियमानेच भाग आहे, आपल्याकडे हे रोखे घेणार कोण तर मुख्यतः देशातल्या बँका आणि विमा कंपन्या, आणि त्यांच्यावर तशी काही सक्ती नाही. एसएलआरमध्ये, म्हणजे बँकांना ठेवींचा जो ठरावीक हिस्सा सरकारी रोख्यांसारख्या सुरक्षित ठिकाणी ठेवावाच लागतो त्यात, धरायला साधा रोखाही चालतो आणि हिरवाही चालतो. वर साधा १० वर्षांचा बेंचमार्क रोखा लाखभर कोटींच्या वर जातो, दिवसभर त्याचे सौदे होत असतात, विकायचा म्हटलं की मिनिटात गिऱ्हाईक, आणि ग्रीन रोखा एका वेळी ४-५ हजार कोटींचा, तो घेतला की तिजोरीत पडून राहतो, विकायला गेलं तर समोर कोणी नाही. म्हणजे ट्रेडरच्या हिशेबाने त्यावर उलट थोडं जास्त व्याज मिळायला हवं. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की आता ग्रीनियम जवळजवळ उरलेलाच नाही, किरकोळ गुंतवणूकदाराला फारसा तोटा नाही, पण मुदत संपेपर्यंत थांबायची तयारी मात्र हवी.

आता दुसरा प्रश्न. पैसे भारताच्या संचित निधीत, म्हणजे तुम्ही म्हणता त्या एकाच तिजोरीतच जातात, हो. नोटांवर काही खूण नसते. सरकारने वचन असं दिलंय की जेवढी रक्कम ग्रीन बाँडने उभी केली किमान तेवढी रक्कम ठरलेल्या नऊ प्रकारच्या कामांवर २४ महिन्यांच्या आत खर्ची पडलेली दाखवू. ९ नोव्हेंबर २०२२ ला अर्थ मंत्रालयाने याची चौकट जाहीर केली, त्यात अक्षय ऊर्जा, ऊर्जा बचत, स्वच्छ वाहतूक, पाणी आणि कचरा, हवामान बदलाशी जुळवून घेणं, हिरव्या इमारती, जैवविविधता वगैरे आहे. काय चालणार नाही तेही लिहिलंय: अणुऊर्जा नाही, २५ मेगावॉटपेक्षा मोठं जलविद्युत नाही, कचरा थेट जाळणं नाही. कामं निवडायला मुख्य आर्थिक सल्लागारांच्या अध्यक्षतेखाली समिती आहे, आणि कुठे किती वाटप झालं याचा अहवाल निघतो. नॉर्वेच्या सिसेरो या संस्थेकडून चौकट तपासून घेतली, त्यांनी तिला मध्यम हिरवी असा शेरा दिला. गडद हिरवी म्हटलं नाही, हे लक्षात असू द्या.

तर तुम्ही काय विकत घेताय? माझ्या मते तो अहवाल. साध्या रोख्यात सरकार तुम्हाला फक्त व्याज आणि मुद्दल देणं लागतं, इथे हिशेबही देणं लागतं. मला हे फार मोलाचं वाटतं, काहींना वाटणार नाही.

उलटतपासणी

काका, तुमचं लिहिणं नेहमी वाचतो, पण इथे एक गोष्ट राहिली आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. पहिल्या वर्षीच्या १६,००० कोटींतला मोठा हिस्सा गेला कुठे तर रेल्वेच्या विजेच्या इंजिनांना आणि मेट्रोला. माझा प्रश्न साधा आहे, ग्रीन बाँड काढले नसते तर रेल्वेने ती इंजिनं घेतली नसती का? विद्युतीकरणाचा कार्यक्रम आधीपासून चालू होता, बजेटमध्ये तरतूद होती. म्हणजे जे होणारच होतं त्यालाच हिरवं लेबल लावलं आणि जे साध्या कर्जातून झालं असतं ते ग्रीन कर्जातून झालं, आणि मोकळा झालेला साधा पैसा दुसरीकडे गेला, कुठे गेला ते त्या अहवालात येतच नाही. शिवाय ते इंजिन ज्या विजेवर चालतं ती देशात सुमारे तीन चतुर्थांश कोळशाचीच आहे.

मी ग्रीन बाँडच्या विरोधात नाही, उलट मला हे मनापासून यशस्वी व्हायला हवंय, म्हणूनच म्हणतो की आपण नवीन काय झालं हे विचारलं पाहिजे. माळरानच्या आईंना वाटतंय की त्यांच्या दोन लाखांमुळे काहीतरी जादा घडेल. ते घडतं असं आपण त्यांना आज छातीठोकपणे सांगू शकतो का?

निवृत्त_ट्रेझरी

नाही सांगू शकत, आणि तुम्ही हे काढलंत ते बरंच झालं.

इंजिनाबद्दल मात्र थोडं वेगळं म्हणतो. आपल्याकडे विजेची गाडी पहिल्यांदा धावली ती मुंबईत, ३ फेब्रुवारी १९२५ ला, व्हीटी ते कुर्ला, आणि पुढची कित्येक दशकं ब्रॉडगेजचा मोठा भाग आधी वाफेच्या इंजिनांवर आणि मग डिझेलवरच राहिला. डिझेलचं इंजिन आज जेवढा धूर सोडतं तेवढाच वीस वर्षांनीही सोडणार, विजेचं इंजिन मात्र ग्रीडमध्ये जसजशी सौर आणि पवन वीज वाढेल तसतसं आपोआप स्वच्छ होत जातं. त्यामुळे ते यादीत असणं मला चुकीचं वाटत नाही. पण जे होणारच होतं त्यालाच पैसे, हा तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो फक्त आपल्यापुरता नाही, पोलंडने डिसेंबर २०१६ मध्ये पहिला सॉव्हरिन ग्रीन बाँड काढला तेव्हापासून तो सगळीकडे विचारला जातोय.

याला एक वेगळी वाट चिली आणि उरुग्वेने काढली. २०२२ च्या मार्चमध्ये चिलीने आणि ऑक्टोबरमध्ये उरुग्वेने असे रोखे काढले की पैसे कशावर खर्च केले ते विचारू नका, आम्ही देशाचं उद्दिष्ट गाठतो की नाही ते बघा. गाठलं नाही तर व्याज वाढवून देऊ. उरुग्वेने तर उलटंही घातलं, उद्दिष्टाच्या पुढे गेलो तर व्याज कमी होईल. इथे वितरण कुठे झालं याचा वादच राहत नाही, उद्दिष्ट चुकल्याची किंमत सरकारला थेट व्याजात मोजावी लागते. आपल्याकडेही कधीतरी असा एक छोटा तरी प्रयोग व्हावा असं मला फार वाटतं.

लेखाशाखा

उशिरा लिहितेय, पण हा विषय माझ्या रोजच्या कामातला आहे त्यामुळे जरा मोठं लिहीन, सांभाळून घ्या. मी एका मध्यम आकाराच्या महापालिकेच्या लेखा विभागात आहे, नाव लिहीत नाही.

केंद्र सरकारच्या बाँडमध्ये पैसा कुठे गेला हे शोधायला दुर्बीण लागते, महापालिकेच्या ग्रीन बाँडमध्ये तसं नसतं, एक काम, एक खातं, एक शहर. उलटतपासणी यांचा जो प्रश्न आहे ना, त्याचं उत्तर मला इथे मिळतं. इंदूरचं उदाहरण घ्या. इंदूरला नर्मदेचं पाणी खरगोन जिल्ह्यातल्या जलूदवरून उचलून आणावं लागतं, चढ मोठा, पंप दिवसरात्र चालू, विजेचं बिल पालिकेच्या छातीवर बसलेलं. त्यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचा ग्रीन बाँड काढला, ८.२५ टक्के व्याज, आणि पैसे कशाला तर त्या पंपांसाठी ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प. आता यातलं गणित बघा, सौर विजेमुळे जे बिल कमी होणार त्यातूनच बाँडचं व्याज आणि मुद्दल फेडायचं. हिरवं काम स्वतःच स्वतःचं कर्ज फेडतंय. आणि हा इश्यू सामान्य माणसांना खुला होता, संस्थांबरोबर साध्या लोकांनी पण पैसे घातले, मागितले त्याच्या कितीतरी पट अर्ज आले.

त्याच्या आधी एप्रिल २०२१ मध्ये गाझियाबादने १५० कोटी उभे केले, देशातला पहिला महापालिका ग्रीन बाँड तो. तिथे सांडपाणी तिसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध करून साहिबाबादच्या कारखान्यांना विकायचं ठरलं, म्हणजे कारखाने जमिनीतलं पाणी उपसतात ते कमी आणि पालिकेला विक्रीचं उत्पन्न. मार्च २०२४ मध्ये वडोदऱ्याने १०० कोटी. आणि २०२५ मध्ये आपल्या पिंपरी-चिंचवडने २०० कोटींचा काढला, महाराष्ट्रातला पहिला, चालणाऱ्या आणि सायकलवाल्या लोकांसाठीचे हरित सेतूचे रस्ते वगैरे त्यात आहेत. पुण्याने २०१७ मध्ये २०० कोटी काढले होते चोवीस तास पाण्यासाठी, ७.५९ टक्क्यांना, पण त्याला ग्रीन लेबल नव्हतं.

आता आतली बाजू सांगते. बाँड काढायचा म्हणजे आधी घर आवरावं लागतं. आमच्याकडे दुहेरी नोंद पद्धतीचे हिशेब कागदोपत्री बरीच वर्षं आहेत, पण प्रत्यक्षात ताळेबंद दोन-दोन वर्षं उशिरा व्हायचे. क्रेडिट रेटिंगवाले, म्हणजे कर्ज फेडण्याची पत ठरवणारे, आले की ते पहिल्यांदा मागतात तीन वर्षांचे लेखापरीक्षण झालेले हिशेब, मग घरपट्टी पाणीपट्टीची वसुली किती, थकबाकी किती, शासनाच्या अनुदानाशिवाय स्वतःच्या पायावर किती उभे आहात. त्यानंतर एस्क्रो खातं, म्हणजे मालमत्ता कराचे पैसे आधी त्या खात्यात जमा होणार, त्यातून बाँडवाल्यांचा हप्ता वेगळा निघणार आणि मग उरलेले पालिकेच्या हातात. गुंतवणूकदाराला खरा भरवसा या एस्क्रोचा असतो. केंद्राकडून अमृत योजनेत बाँड काढणाऱ्या पालिकांना प्रोत्साहनाची रक्कम पण मिळते, त्यामुळे व्याजाचा भार हलका होतो.

आम्ही दोन वर्षांपूर्वी प्रयत्न केला होता. सांडपाण्याचं केंद्र, अगदी गरजेचं काम, नदी डोळ्यांसमोर काळी पडतेय. रेटिंग आलं ते एवढं खालचं की बाँड काढण्यात अर्थच उरला नाही, वसुली निम्म्याच्या थोडी वर होती. फाईल परत आली तेव्हा मला खूप वाईट वाटलं होतं, कारण ज्या शहरांना याची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्याच हाताला हे लागत नाही. मोठी सधन शहरं घेऊ शकतात, आम्ही नाही. पण त्या प्रयत्नामुळे एक झालं, हिशेब वेळेवर यायला लागले, वसुलीची मोहीम खरोखर सुरू झाली, आणि आता वसुली सत्तरच्या पुढे आहे. परत प्रयत्न करणार आहोत. लहान पालिकांनी चार-पाच जणींनी मिळून एकत्र बाँड काढायची पण पद्धत आहे, तामिळनाडू आणि कर्नाटकने पूर्वी तसं करून दाखवलंय, महाराष्ट्रात ते व्हायला हवं असं मी प्रत्येक बैठकीत सांगत असते.

आणखी एक, ग्रीन बाँडच्या नावावर बांधकाम होतं पण चालवायला पैसे ठेवत नाहीत, हे फार होतं. केंद्र बांधलं, उद्घाटन झालं, आणि विजेचं बिल भरायला तरतूद नाही म्हणून पंप बंद. अहवालात किती दशलक्ष लिटर क्षमता उभी राहिली ते येतं, रोज प्रत्यक्षात किती पाणी शुद्ध झालं ते विचारा. माळरान, आईंना सांग की वाचताना एवढी एक ओळ शोधायची.

सौरछत

लेखाशाखा ताई, वसुलीचं वाचून बरं वाटलं. मी छोटे सौर प्रकल्प उभे करणाऱ्या एका कंपनीत फायनान्स बघतो, आमच्या बाजूचं थोडं लिहितो कारण सगळी चर्चा सरकार आणि पालिकेभोवतीच फिरतेय.

आपल्याकडे ग्रीन बाँड सुरू केले ते खरं तर बँका आणि कंपन्यांनी, २०१५ मध्ये येस बँकेने १,००० कोटींचा काढला तिथून, बाजाराची नियामक असलेल्या सेबीने नियम आणले २०१७ मध्ये आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते आणखी कडक केले, त्यात पैसा दुसरीकडे वळवला तर गुंतवणूकदाराला कळवायचं आणि त्यांनी मागितलं तर मुदतीआधी परतफेड करायची असं पण आहे. मोठ्या कंपन्या बाहेर जाऊन डॉलरमध्ये बाँड काढतात, तिकडे व्याज कमी दिसतं म्हणून. पण कमाई रुपयात आणि फेड डॉलरमध्ये. २०१५ च्या आसपास डॉलर ६३-६५ रुपयांना होता, २०२४ संपताना ८५ च्या पुढे. म्हणजे वर्षाला सरासरी पावणेतीन-तीन टक्के नुसत्या रुपयाच्या घसरणीचे, ते हेजिंग करून, म्हणजे डॉलरचा पुढचा भाव आधीच बांधून घेऊन, टाळायचे तर त्याचा खर्च वेगळा, सगळं धरलं की स्वस्त वाटलेलं कर्ज देशातल्या कर्जाएवढंच पडतं. उगवत्या अर्थव्यवस्थांची सगळ्यांची हीच अडचण आहे, ऊन आपल्याकडे भरपूर आणि भांडवल महाग. सौर प्रकल्पात इंधनाला पैसे लागत नाहीत, सगळा खर्च पहिल्याच दिवशी, त्यामुळे विजेचा दर ठरतो तो व्याजावर. व्याज एक टक्का खाली आलं तर आमचा दर जेवढा खाली येतो तेवढा पॅनल स्वस्त होऊनही कधी कधी येत नाही. म्हणून मला हा विषय जीव लावण्यासारखा वाटतो.

एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीने २०१६ मध्ये याला एक चांगला उपाय केला होता, लंडनमध्ये २,००० कोटींचा ग्रीन मसाला बाँड, रुपयातला. रुपया पडला तर फटका बाहेरच्या गुंतवणूकदाराला, कंपनीला नाही. पण तसं करायला कंपनीची पत एनटीपीसीसारखी लागते.

आमच्यासारख्यांचं काय? ५-१० कोटींचा प्रकल्प, बाँड काढायचा तर वकील, रेटिंग, बाहेरचा तपासनीस यांचाच खर्च परवडत नाही. आम्हाला पैसा मिळतो तो बँकेकडून, अक्षय ऊर्जेचं कर्ज प्राधान्य क्षेत्रात, म्हणजे बँकांना ज्यात ठरावीक कर्ज द्यावंच लागतं त्यात, धरतात त्यामुळे, नाहीतर इरेडासारख्या अक्षय ऊर्जेला कर्ज देणाऱ्या सरकारी संस्थेकडून, आणि इरेडा स्वतः बाँड काढून पैसा आणते. म्हणजे मोठ्याने बाजारातून घ्यायचा आणि छोट्यांना वाटायचा, हीच वाट आमच्यापर्यंत पोचते.

आणि माळरान, आईंसाठी एक साधी गोष्ट कोणीच लिहिली नाही. ग्रीन डिपॉझिट. रिझर्व्ह बँकेने १ जून २०२३ पासून त्याची चौकट लागू केलीये, बँकेत एफडी ठेवल्यासारखंच, पण ते पैसे बँकेने हिरव्या कामांच्या कर्जालाच द्यायचे आणि दरवर्षी बाहेरच्या संस्थेकडून तपासून घ्यायचं. इतर ठेवींसारखंच पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण. सगळ्या बँका देत नाहीत, विचारावं लागेल.

उलटतपासणी

लेखाशाखा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. इंदूरच्या उदाहरणात माझ्या प्रश्नाचं उत्तर खरंच मिळतं, तिथे बाँड नसता तर तो सौर प्रकल्प कदाचित अनेक वर्षं लांबला असता. आणि बांधलं पण चालवलं नाही हा मुद्दा मला सुचलाच नव्हता. एक विचारायचं होतं, कुठलं काम हिरवं आणि कुठलं नाही याची देशाची एकच यादी नाहीये का? सेबीची वेगळी, अर्थ मंत्रालयाची वेगळी, बँकांची वेगळी, असं किती दिवस चालणार?

सौरछत

जुलै २०२४ च्या बजेटमध्ये क्लायमेट फायनान्स टॅक्सॉनॉमी, म्हणजे तुम्ही म्हणता तशी देशाची यादी, आणणार असं जाहीर केलं, मे २०२५ मध्ये मसुदा आला आणि लोकांकडून सूचना मागवल्या. सिमेंट, पोलाद अशा क्षेत्रांना हळूहळू बदलायला वाव द्यायचा असं त्यात आहे, आणि ते गरजेचंच आहे, आपल्याला पोलाद लागणारच. माझी काळजी फक्त एवढीच की हळूहळू म्हणजे किती वर्षं हे आकड्यात लिहिलं पाहिजे.

माळरान

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले, काकांचा १०० रुपयांचा हिशेब ऐकून ती म्हणाली की १०० रुपयांत जर सरकारला हिशेब विचारायचा हक्क मिळत असेल तर मी देते. लेखाशाखा ताईंची नदी काळी पडतेय ही ओळ ऐकून ती बराच वेळ गप्प बसली होती.

ठरलंय असं की एक लाख सरकारच्या ग्रीन बाँडमध्ये आणि एक लाख ग्रीन डिपॉझिटमध्ये, कारण सगळेच पैसे दहा वर्षं अडकवणं तिच्या वयाला बरोबर नाही. खरं तर महापालिकेच्या बाँडमध्ये टाकायची तिची फार इच्छा आहे, ताई, ते आम्हाला मिळतील का? आणि काका, सरकारचे कसे घ्यायचे, ब्रोकर लागतो का?

अर्थ मंत्रालयाचा वाटपाचा अहवाल काढून दिलाय तिला, शाळेतल्यासारखी लाल पेन घेऊन बसलीये. कुठल्या खात्याच्या कामांना किती हे आहे, पण ती कामं देशात नेमकी कुठे आहेत हे तिला हवंय, नकाशावर टिंबं मारायचीत.

लेखाशाखा

माळरान, इंदूरसारखा सगळ्यांना खुला इश्यू आला तरच सहज मिळतील, बाकीच्या बहुतेक पालिकांचे बाँड थेट बँका, विमा कंपन्या, फंड अशा मोठ्या संस्थांना दिले जातात. एक्सचेंजवर लिस्ट असतात, डिमॅट असेल तर तिथे घेता येतात, पण विकणारे फार कमी. इंदूरचं असं होतं की १,००० रुपयांचा एक बाँड चार तुकड्यांत, ३, ५, ७ आणि ९ वर्षांनी एकेक तुकडा परत, त्यामुळे सगळे पैसे एकदम अडकत नाहीत. तसा पुढचा कुणाचा आला की मी इथेच कळवेन. आणि आईंनी टिंबांचं मंत्रालयाला लेखी कळवावं, खरंच सांगते. आमच्याकडे एका शिक्षकांनी पाण्याच्या ऑडिटबद्दल तीन पत्रं पाठवली, तिसऱ्या पत्रानंतर प्रभागवार आकडे वेबसाइटवर आले, ते काम माझ्याच टेबलावर आलं होतं.

निवृत्त_ट्रेझरी

ब्रोकर लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट पोर्टलवर आईंच्या नावाने खातं उघडा, फी नाही, पॅन, आधार, बँक खातं एवढं पुरतं. किमान १०,००० रुपये. लिलावात बोली लावायची गरज नाही, नॉन-कॉम्पिटिटिव्ह म्हणून रक्कम टाकायची, संस्थांच्या बोलींच्या सरासरी भावाने रोखे मिळतात. सरकारच्या उधारीचं सहामाही कॅलेंडर मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटी निघतं, त्यात ग्रीन बाँड वेगळे दाखवलेले असतात, ते बघून तारीख वहीत लिहून ठेवा, आणि पैसे एक दिवस आधी खात्यात ठेवा. व्याज सहा महिन्यांनी थेट बँकेत येतं, त्यावर नेहमीच्या दराने कर लागतो. आईंच्या वयाला ५ वर्षांचा आला तर तोच घ्या, ३० वर्षांच्याकडे जाऊ नका.

आणि ती टिंबांची यादी झाली की इथे टाका. मला हवीये.